ग्रीक मुळांचा फ्लॅशकार्ड सेट: मेडिकल शब्द फोडून शिकायचे असतील तर घ्या, पण आधी हे वाचा

मेडिकल आणि सायन्सच्या शब्दांची ग्रीक मुळं शिकवणारा एक फ्लॅशकार्ड सेट बरेच दिवस रोज वापरतेय, त्याबद्दल नीट लिहायचं होतं कारण घेण्याआधी मी रिव्ह्यू शोधत होते तेव्हा सगळीकडे "खूप उपयुक्त", "पॅकिंग छान" एवढंच सापडत होतं आणि त्यातून काडीचाही अंदाज येत नव्हता की आत नक्की काय आहे. तर हा रिव्ह्यू मोठा आहे. ज्यांना फक्त निकाल पाहिजे त्यांच्यासाठी: शब्दाच्या शेवटी लागणारे प्रत्यय या सेटने अप्रतिम शिकवलेत, सारखे ऐकू येणारे शब्द वेगळे काढायचं काम जवळजवळ तितकंच चांगलं केलंय, सायन्सचा भाग घाईघाईत उरकलाय, आणि जिथे मुळाचा अर्थ आजच्या अर्थाशी जुळत नाही तिथे कार्ड बऱ्याचदा गप्प बसतं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली.

माझं काम डॉक्टरांनी डिक्टेट केलेले रिपोर्ट तपासायचं. आता पहिला ड्राफ्ट सॉफ्टवेअरच टाइप करून देतं, मी हेडफोन लावून ऑडिओ ऐकत तो दुरुस्त करते. म्हणजे शब्द मला आधी कानावर पडतो आणि मग त्याचं स्पेलिंग बरोबर आहे का ते बघायचं असतं, आणि इथेच ग्रीक मुळं कामाला येतात कारण नुसत्या पाठांतरावर हे काम चालत नाही, रोज एखादा असा शब्द येतोच जो आधी कधी ऐकलेला नसतो. नर्सिंग, फिजिओ, फार्मसी, लॅब, मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना ठरलेले कोड देण्याचं काम), कुठेही असाल तरी हीच अडचण असणार.

सेट असा आहे. चार रंगांची कार्डं. निळी म्हणजे शब्दाच्या आधी लागणारे उपसर्ग (हायपर, हायपो, पेरी, एन्डो वगैरे), पिवळी म्हणजे मधली मुळं (कार्डिओ, नेफ्रो, हिपॅटो), हिरवी म्हणजे शेवटचे प्रत्यय आणि लाल म्हणजे "यांच्यात घोळ होतो" वाली. पुढच्या बाजूला मूळ, खाली तेच ग्रीक लिपीत, मागे अर्थ, त्यापासून झालेले काही शब्द, एक छोटं रेखाचित्र आणि कोपऱ्यात क्यूआर कोड, तो स्कॅन केला की उच्चार ऐकू येतो. सोबत ऍप आहे, त्याबद्दल पुढे.

आधी हिरव्या कार्डांबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. बहुतेक पुस्तकं शब्द पुढून फोडायला शिकवतात, हा सेट सुरुवातीच्या माहितीपत्रकातच सांगतो की शब्द शेपटीकडून धरा. शेवट कळला की आधी हे कळतं की हा आजार आहे, तपासणी आहे की ऑपरेशन आहे, मग कुठल्या अवयवाचं ते बघा. टॉमी, ऑस्टॉमी आणि एक्टॉमी या तिघांचं एकच जोडकार्ड आहे आणि ते इतकं नेमकं केलंय की मी ते अजूनही टेबलावर समोर ठेवते. टोमे म्हणजे कापणं. ग्रीक "एक्" म्हणजे बाहेर, म्हणून एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. स्टोमा म्हणजे तोंड, म्हणून ऑस्टॉमी म्हणजे शरीराला नवीन तोंड पाडून देणं. खाली एकाच जठराची तीन चित्रं: पहिल्यात नुसता छेद आणि पुढे टाके (गॅस्ट्रॉटॉमी), दुसऱ्यात पोटाच्या भिंतीतून जठरात जाणारी नळी (गॅस्ट्रॉस्टॉमी), तिसऱ्यात जठर गायब आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडलेली (गॅस्ट्रेक्टॉमी). ऐकताना यांच्यात एका अक्षराचा फरक, पेशंटच्या आयुष्यात मात्र जमीन-अस्मानाचा. मागच्या बाजूला ट्रेकिऑटॉमी आणि ट्रेकिऑस्टॉमी, क्रेनिऑटॉमी आणि क्रेनिएक्टॉमी अशा जोड्या दिल्यात. क्रेनिऑटॉमीत कवटीचा तुकडा काढून काम झाल्यावर परत बसवतात, क्रेनिएक्टॉमीत तो लगेच परत बसवत नाहीत, हे एका ओळीत लिहिलंय. एवढी एक ओळ सुद्धा बाकीच्या ठिकाणी मला मिळाली नव्हती.

आयटिसचं कार्ड पण असंच. आपल्याला माहीत असतं की आयटिस म्हणजे दाह, सूज. कार्ड सांगतं की ग्रीकमध्ये हा नुसता "चा, ची" अशा अर्थाचा विशेषण करणारा प्रत्यय होता, आर्थ्रायटिस नोसोस म्हणजे "सांध्याचा आजार", पुढे नोसोस गळून पडलं आणि नुसतं आर्थ्रायटिस उरलं, आणि दाह हा अर्थ नंतर चिकटला. हे कळल्यावर आयटिस असलेले शब्द वेगवेगळे पाठ करायची गरजच संपते.

आणि ऱ्हिया, ऱ्हेज, ऱ्हॅफी! यांच्या स्पेलिंगमध्ये दोनदा आर आणि मग एच येतो, ऐकताना त्यातलं काहीच कळत नाही, आणि माझ्या क्षेत्रात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ऱ्हिया म्हणजे वाहणं (डायरिया), ऱ्हेज म्हणजे फुटून बाहेर येणं (हेमरेज), ऱ्हॅफी म्हणजे शिवणं (हर्निऑऱ्हॅफी, हर्नियाचं छिद्र शिवून बंद करणं). कार्ड नियम देतं: ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र श्वास सोडत उच्चारायचा, म्हणून लॅटिन लिपीत त्याच्यापुढे एच आला, आणि असा शब्द दुसऱ्या शब्दाला मागून जोडला की तो र दुहेरी होतो. उदाहरण दिलंय ऱ्हायनोरियाचं, म्हणजे नाक वाहणं. सुरुवातीला ऱ्हायनो, तिथे एकच आर आणि एच, मध्ये रिया, तिथे दोन आर आणि एच. एकाच शब्दात नियमाच्या दोन्ही बाजू! हे ज्याने कोणी निवडलं त्याला शिकवण्याची खरी समज आहे.

पिवळी कार्डं चांगली आहेत पण त्यात नवीन फार काही नाही, कुठल्याही चांगल्या पुस्तकात ही यादी मिळेल. एक गोष्ट मात्र आवडली, ग्रीक आणि लॅटिन जुळी मुळं एकाच कार्डावर पुढे-मागे छापलीत. मूत्रपिंडाला ग्रीकमध्ये नेफ्रोस, लॅटिनमध्ये रेन, म्हणून आजार नेफ्रायटिस पण रक्तवाहिनी रीनल आर्टरी. त्वचेला डर्मा आणि क्यूटिस, म्हणून डॉक्टर डर्मॅटॉलॉजिस्ट पण इंजेक्शन सबक्यूटेनियस. ढोबळमानाने शरीराच्या भागांची नावं लॅटिनकडे झुकतात, आजार आणि ऑपरेशनची ग्रीककडे, हे एकदा डोक्यात बसलं की "एका अवयवाला दोन दोन नावं कशाला" ही चिडचिड थांबते. आणि दोन्ही भाषांची सरमिसळ पण होतेच, हायपरटेन्शनमध्ये हायपर ग्रीक आणि टेन्शन लॅटिन, अपेंडेक्टॉमीत अपेंडिक्स लॅटिन आणि एक्टॉमी ग्रीक.

अक्षरांवरून नावं पडलेल्या भागांचं एक छोटं कार्ड आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ऑइड म्हणजे "च्यासारखं दिसणारं". खांद्याचा डेल्टॉइड स्नायू डेल्टा अक्षरासारखा त्रिकोणी, मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड भाग सिग्मासारखा वळलेला, घशातलं हायॉइड हाड उप्सिलॉनसारखं, कवटीतली लॅम्बडॉइड शिवण लॅम्बडासारखी, आणि मेंदूखाली डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तो कायाझम "काय" (Χ) या ग्रीक अक्षरासारखा, म्हणजे फुलीसारखा. चित्रात अवयवावरच ते ग्रीक अक्षर ठळक काढलंय, एकदा बघितलं की विसरायला होत नाही. कार्डावर ग्रीक लिपी का छापलीय हे मला या कार्डापर्यंत कळलं नव्हतं.

आता लाल कार्डं. माझ्यासाठी पैसे इथे वसूल झाले. डिसफेजिया आणि डिसफेझिया घ्या. फागेइन म्हणजे खाणं, फासिस म्हणजे बोलणं. एकात गिळायला त्रास, दुसऱ्यात भाषेला, बोलण्याला त्रास. यातली मेख अशी की स्ट्रोकनंतर दोन्ही होऊ शकतात, त्यामुळे "पेशंटला स्ट्रोक झालाय" एवढ्या संदर्भावरून काहीच ठरत नाही. हल्लीच एका ऑडिओत डॉक्टर भरभर बोलत होते, सॉफ्टवेअरने डिसफेझिया टाइप केलं, आणि दोन ओळींनंतर पातळ पदार्थ घट्ट करून द्यायची सूचना आणि बेरियम स्वॅलोची तपासणी. म्हणजे प्रश्न गिळण्याचा आहे, भाषेचा नाही. मी ऑडिओ परत हळू करून ऐकला आणि बदललं. लाल कार्डावर नेमकं हेच लिहिलंय, की अर्थ ठरवायला आजाराकडे नाही तर पुढच्या उपचाराकडे बघा. ज्याने हे लिहिलं तो प्रत्यक्ष काम केलेला माणूस असणार.

तसंच हायड्रो आणि हिड्रो. पहिलं पाणी, दुसरं घाम. हिड्रॅडिनायटिस हा काखेत, जांघेत गाठी येणारा त्रास, त्याच्या स्पेलिंगमध्ये वाय नाही, आय आहे, कारण हिड्रोस म्हणजे घाम. (मुळात हा आजार घामाच्या ग्रंथींचा समजून हे नाव पडलं, आता तो केसांच्या मुळांपासून सुरू होतो असं मानतात, पण नाव राहिलं.) पेरोनिअल आणि पेरिनिअल हे तर भयंकरच, एक पायाची नस आणि दुसरा गुदद्वार-जननेंद्रियांमधला भाग. पेरोने म्हणजे टाचणी, पिन, आणि पायाच्या बारीक हाडाचं लॅटिन नाव फिब्युला, त्याचाही अर्थ कपड्याला लावायची पिनच. या घोळामुळेच आता अ‍ॅनाटॉमीच्या अधिकृत नावांमध्ये पेरोनिअलच्या ऐवजी फिब्युलर वापरतात, हे पण कार्डावर आहे. शाब्बास.

मायेलो आणि मायो वरचं कार्ड अजून थोडं मोठं पाहिजे होतं. मायो म्हणजे स्नायू, मायेलो म्हणजे मज्जा, एवढं दिलंय. पण खरा गोंधळ मायेलोच्या आतच आहे ना, ऑस्टिओमायलायटिसमध्ये तो हाडातल्या मज्जेसाठी येतो आणि पोलिओमायलायटिसमध्ये मज्जारज्जूसाठी. पूर्वी मज्जारज्जू म्हणजे मणक्यांच्या आतली मज्जाच असं समजत, म्हणून एकच शब्द. आपल्या मराठीतही "मज्जारज्जू" म्हणतोच की आपण! पोलिओस म्हणजे करडा, मज्जारज्जूतल्या करड्या भागाचा दाह म्हणून पोलिओ. एवढं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या.

आता ज्या गोष्टी खरंच चुकल्यात त्या. सगळ्यात मोठी चूक "पेड" च्या कार्डावर आहे. त्यावर लिहिलंय पेड म्हणजे पाय, आणि उदाहरणांत पेडल, पेडिक्युअर यांच्यासोबत ऑर्थोपेडिक्स टाकलंय. हे चूक आहे, साफ चूक. पायाचा पेड लॅटिन. ऑर्थोपेडिक्समधला पेड ग्रीक, पाइस म्हणजे मूल, तोच पेडिअ‍ॅट्रिक्समधला. ऑर्थोस म्हणजे सरळ. निकोलस आन्द्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1741 साली हा शब्द केला तो मुलांच्या शरीरातले वाकडेपण सरळ करण्याच्या शास्त्रासाठी. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पी नंतर ए आणि ई दोन्ही असतात म्हणून तिथे मूल आणि पाय वेगळे दिसतात, अमेरिकन स्पेलिंगने तो ए काढून टाकला आणि दोन्ही एकसारखे झाले. हा सेट पूर्ण अमेरिकन स्पेलिंगचा आहे, कदाचित म्हणूनच बनवणाऱ्याची फसगत झाली. पण शब्दांची मुळं शिकवणाऱ्या सेटमध्ये ही चूक चालणार नाही. आणि पायाचा ग्रीक शब्द पोड, जो पोडिअ‍ॅट्रीमध्ये येतो, तो वेगळ्या पिवळ्या कार्डावर बरोबर दिलाय, म्हणजे दोन्ही कार्डं समोरासमोर ठेवून कोणी तपासलंच नाही.

दुसरी तक्रार आर्टरीच्या कार्डाबद्दल, आणि ती चुकीपेक्षा खोल आहे. कार्डावर फक्त एवढंच: "आर्टरी: हवेची नळी". बास. आता नवीन शिकणाऱ्याने यावरून काय समजायचं? रक्तवाहिनी आणि हवेची नळी? तो म्हणणार मुळं बेभरवशाची, पाठच करूया. खरं तर यामागची गोष्ट सांगितली असती तर हे कार्ड सेटमधलं सगळ्यात लक्षात राहणारं झालं असतं. मेल्यावर धमन्यांमधलं रक्त बहुतेक निघून जातं, त्या रिकाम्या दिसतात. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरासिस्ट्राटस या ग्रीक वैद्याने म्हणूनच मानलं की शिरांतून रक्त वाहतं आणि धमन्यांतून न्यूमा, म्हणजे जीव देणाऱ्या हवेसारखं काहीतरी. जवळजवळ चारशे वर्षांनी गॅलेन या वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन जागी बांधली, मधे चिरली आणि आत रक्तच आहे हे दाखवून दिलं. समज बदलली, नाव तेच राहिलं. आणि श्वासनलिकेला ग्रीक म्हणायचे आर्टेरिया ट्राखेया, म्हणजे खडबडीत आर्टरी, कारण तिच्यावर कूर्चेच्या कड्या असतात. पुढे त्यातला आर्टेरिया गळला आणि नुसतं "खडबडीत" उरलं, तेच आपलं ट्रेकिया. डोळ्याचा ट्रॅकोमा, ज्यात पापणीची आतली बाजू खरखरीत होते, तो पण त्याच मुळाचा. बघा, एका गोष्टीत तीन शब्द कायमचे बसले असते.

वाईट याचं वाटतं की हे लोक असं करू शकतात, त्यांनी दुसरीकडे केलंय. हिस्टेराच्या कार्डावर व्यवस्थित लिहिलंय की हिस्टेरा म्हणजे गर्भाशय, म्हणून हिस्टेरेक्टॉमी, आणि हिस्टेरिया हे नाव बायकांच्या त्रासाचं खापर गर्भाशयावर फोडणाऱ्या जुन्या कल्पनेतून आलं, आणि अमेरिकन मनोविकार संघटनेने 1980 च्या आपल्या यादीतून ते निदान काढून टाकलं. हे वाचून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. एक जुना अन्याय शब्दात कसा शिल्लक राहतो हे शिकणाऱ्याला कळायलाच हवं, विशेषतः जो पेशंटसमोर बसणार आहे त्याला.

सायन्सच्या कार्डांचा गठ्ठा पातळ आहे. निऑन म्हणजे नवा, क्रिप्टॉन म्हणजे लपलेला, झेनॉन म्हणजे परका, आर्गॉन म्हणजे आळशी, काम न करणारा (अ आणि एर्गॉन, एर्गॉन म्हणजे काम), हे आहे, आणि क्रिप्टोच्या खाली क्रिप्टॉर्किडिझम, म्हणजे अंडकोष खाली न उतरणं, ही जोडणी पण दिलीय, छान. पण ऑक्सिजनच्या कार्डावर "आम्ल तयार करणारा" एवढं लिहून सोडून दिलंय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिएला वाटायचं की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, म्हणून त्याने हे नाव ठेवलं, पुढे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने दाखवलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. हे नाही सांगितलं तर विद्यार्थी चुकीची केमिस्ट्री घेऊन जातो. अ‍ॅटमचंही तसंच. अ म्हणजे नाही, टोमे म्हणजे कापणं, न कापता येणारा. हाच टोमे अपेंडेक्टॉमीत, अ‍ॅनाटॉमीत आणि सीटी स्कॅनमधल्या टी मध्ये, म्हणजे टोमोग्राफीत आहे! हिरव्या कार्डाशी याची सांगड घातलीच नाही. आणि हिलियम तर विसरलेच. सूर्य म्हणजे हेलिओस. 1868 मध्ये सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली आणि पृथ्वीवर सापडण्याआधीच त्या मूलद्रव्याला नाव मिळालं, पुढे 1895 मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने ते पृथ्वीवर वेगळं केलं. यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

आता एक गोष्ट जी सेटमध्ये नाही आणि त्यांच्याकडून अपेक्षाही नाही, पण मराठी वाचणाऱ्यांनी ती स्वतः करावी असं मी आग्रहाने सांगेन. कार्डाच्या मागे रिकामी जागा आहे, तिथे पेन्सिलीने संस्कृत जोडीदार लिहा. ऑस्टिऑन आणि अस्थि. ओडोंट आणि दंत. पोड आणि पाद. ऑनिक्स आणि नख. गोनी, म्हणजे गुडघा, आणि जानु. हिपार आणि यकृत, हे ऐकायला लांबचे वाटतात पण एकाच घरातले आहेत. उपसर्गांत तर कमालच होते: पेरी आणि परि, हायपर आणि उपरि, हायपो आणि उप, डिस आणि दुस्, अन आणि अन्. ग्नोसिस आणि ज्ञान, त्यामुळे प्रोग्नोसिस म्हणजे जवळजवळ अक्षरशः प्र-ज्ञान, पुढचं आधी जाणणं. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीतला (वजन कमी करायचं ऑपरेशन) बॅरोस, त्याचं विशेषण बारिस, आणि आपलं गुरु म्हणजे जड. थर्मोस आणि घर्म, ज्याच्यापासून आपला घाम आला. हे ग्रीकने संस्कृतकडून घेतलेलं नाही आणि उलटंही नाही, दोन्ही भाषा एकाच जुन्या मुळातून आल्यात, विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने 1786 साली कलकत्त्यात ते जाहीरपणे मांडलं होतं. आपल्याला हे अर्धे शब्द आधीच येतात ही जाणीव फार बळ देते, मराठी माध्यमातून आलेल्या आणि या शब्दांना घाबरणाऱ्या मुलांना तर मी हेच आधी दाखवते. फक्त सगळंच जुळवायच्या मागे लागू नका, डिक्शनरीत तपासून मगच लिहा, नुसत्या आवाजावरून जुळवलेल्या जोड्या पुष्कळदा खोट्या निघतात. आणि काही शब्द उधारीचे पण आहेत: आपलं "केंद्र" खरंच ग्रीक केंट्रॉनवरून आलंय, केंट्रॉन म्हणजे टोचणारं टोक, आणि पोटातलं पाणी सुई टोचून काढतात त्या पॅरासेंटेसिसमधला सेंटेसिस त्याच मुळाचा. हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत होते.

उच्चारांचे ऑडिओ फसलेत. मशीनचा आवाज आहे आणि तो कोलेसिस्टायटिसमधल्या (पित्ताशयाचा दाह) को ला काही कार्डांवर चक्क चो म्हणतो. ग्रीक "काय" (Χ) अक्षराचा उच्चार क सारखा होतो हे त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलंय! त्या पत्रकात उच्चाराचे नियम मात्र सुंदर दिलेत, की सुरुवातीचा पी न्यूमोनिया, टेरोडॅक्टिलमध्ये मुका होतो पण शब्दाच्या मध्ये आला की बोलतो, म्हणून अ‍ॅप्नियात (श्वास थांबणं) प ऐकू येतो, आणि हेलिकॉप्टरमध्येही, कारण हेलिकॉप्टर हेली-कॉप्टर असं तुटत नाही, हेलिको आणि प्टर असं तुटतं, प्टेरॉन म्हणजे पंख. ऑडिओ सोडा, पत्रक वाचा.

ऍप ठीकठाक. जे कार्ड चुकतं ते लवकर परत दाखवतं, जे येतं ते लांबवतं, हे बरोबर चालतं. पण सर्चमध्ये ब्रिटिश स्पेलिंग टाकलं तर काही सापडत नाही, इडिमा, इसोफेगस, हिमो हे सगळे ज्यांना ओ-ई किंवा ए-ई ने लिहायची सवय आहे त्यांना रिकामी स्क्रीन दिसते. लाल कार्डं ऍपमध्ये वेगळी लावून सराव करता येत नाही, ती बाकीच्यांत मिसळूनच येतात, हे का केलं कळत नाही कारण त्यांचा सराव जोडीनेच व्हायला पाहिजे. मी कंपनीला पेडच्या चुकीबद्दल आणि या दोन गोष्टींबद्दल लिहिलं, उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत बघतो. पेडचं कार्ड मी सध्या खोडून, मागे बरोबर लिहून वापरतेय.

कागद जाड आहे, कोपरे गोल आहेत, रोज हाताळून सुद्धा फाटले नाहीत. अक्षरं मोठी. डबा मात्र तकलादू.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी, नर्सिंगवाल्यांनी, ट्रान्सक्रिप्शन-कोडिंगवाल्यांनी घ्यावा. शाळेतल्या मुलांना सायन्ससाठी घेत असाल तर थांबा, तो भाग अजून कच्चा आहे. आणि घेतला तर डब्यात लावलेल्या क्रमाने जाऊ नका, त्यात निळी कार्डं आधी आहेत. हिरवी आधी काढा आणि ती पक्की होईपर्यंत दुसरं काही उघडू नका, मग आपल्या कामातल्या अवयवांची पिवळी, त्यांच्यासोबतच लाल, दोन-दोन समोरासमोर ठेवून. निळी सगळ्यात शेवटी, त्यातली निम्मी हायपर, हायपो, अँटी, मायक्रो म्हणून तुम्हाला आधीच येत असतात.